पिराजी नावाचा फोल्डर

११ ऑगस्ट

सकाळपासून कानात एक जुना आवाज घुमतोय. चौथीचा वर्ग. सगळी पोरं एका सुरात नदीची कविता म्हणतायत, गुरुजी टेबलावर डस्टर आपटून ठेका धरतायत, आणि सगळ्यांच्या मागून, अर्धा शब्द उशिरा, पिराजीचा जाडा आवाज येतोय. आम्ही थांबलो तरी त्याची ओळ चालूच असायची, विहिरीत मारलेली हाक वर यावी तशी. पिराजीला धड वाचता येत नव्हतं. कविता मात्र अख्खी पाठ. अट एकच, सुरुवात पहिल्या ओळीपासून. गुरुजींनी ‘तिसरं कडवं म्हण’ म्हटलं की तो बावरायचा, डोळे मिटायचा, पुटपुटत पहिल्यापासून निघायचा आणि तिसऱ्या कडव्यापाशी आला की आवाज चढवायचा. पोरं हसायची. मीही हसायचो.

हा आवाज आजच का आला ते मला कळतंय. भीती वाटली की मला शाळा आठवते.

भीतीचं कारण, संयोगिता मॅडमचा फोन. इथल्या एका ट्रस्टची रक्तपेढी त्या चालवतात. म्हणाल्या, ‘अण्णा, नवीन तपासणी यंत्र आलंय. त्याचे अहवाल आपल्या डेटाबेसमध्ये कसे ठेवायचे ते तुम्ही ठरवा. साखर कारखान्याचा संगणक विभाग तुम्ही एवढी वर्षं सांभाळलात.’ हो म्हणून बसलो. निवृत्त माणसाला कुणी ‘ठरवा’ म्हटलं की त्याचं डोकं ठिकाणावर राहत नाही.

घरी येऊन सांगितलं तर मुलगा प्रसेनजीत म्हणाला, ‘आबा, बीपीची गोळी घेऊन जात जावा.’ सूनबाई अक्षता मात्र खूश. तिला दिवस गेलेत. म्हणाली, ‘बाळाला सांगीन, आजोबा कामाला जातात म्हणून.’

१४ ऑगस्ट

यंत्र पाहिलं. कपाटाएवढं आहे आणि सारखं घुरघुरतं. प्रत्येक रक्तदात्यामागं ते एक फाइल टाकतं. एक्सएमएल म्हणतात त्या पद्धतीची. प्रत्येक गोष्टीला आधी नावाची पाटी, मग मजकूर, मग पाटी संपल्याची पाटी. पाटीच्या पोटात पाटी, तिच्या पोटात आणखी एक. डब्यात डबा. आणि आपला डेटाबेस म्हणजे उभ्या-आडव्या रेघांचे सपाट तक्ते. डब्यातला डबा सपाट रकान्यात बसवायचा कसा, एवढाच प्रश्न. ‘एवढाच’ लिहिलं खरं, पण तो छोटा नाही.

हाताखाली एक पोरगी दिलीय. तेजस्वी, मुरगूडची, इंजिनिअर. भराभरा बोलते. तिनं फळ्यावर तीन रस्ते मांडले. पहिला, अख्खी फाइल आहे तशी एका रकान्यात ठेवून द्यायची. दुसरा, फाइल फोडायची, नाव, गाव, मोबाइल, रक्तगट असं जे लागतं ते वेगवेगळ्या रकान्यांत टाकायचं. तिसरा, दोन्ही करायचं.

मी तिला पिराजीची गोष्ट सांगितली. म्हटलं, ‘अख्खी फाइल ठेवणं म्हणजे पिराजी. सगळं पाठ आहे, पण मधलं काही विचारलं की पहिल्या ओळीपासून. दारात पेशंट तडफडतोय आणि आपण कविता म्हणत बसायचं का?’

ती हसली. ‘पण अण्णा, पिराजीला अख्खी येत होती न्हवं? तुम्हाला आता येती का ती कविता?’

मला पहिली दोन कडवी आली. पुढं अंधार. मी विषय बदलला.

१९ ऑगस्ट

निर्णय घेतला. फोडायचं.

कारखान्यात आमची रीतच होती, रस घ्यायचा, चिपाड टाकायचं. उसाच्या गाडीची पावती आली की वजन, शेताचा गट, शेतकरी, उसाची जात एवढं उचलायचं आणि पुढं जायचं. मी हे तेजस्वीला सांगितलं. फाइलमध्ये यंत्र तपासलेल्या नळ्यांचा रंगीत फोटोही कोंबतं, त्यामुळं फाइली अगडबंब. सगळ्या ठेवल्या तर डिस्क वर्षात भरेल. तेव्हा रकाने भरले की मूळ फाइल पुसायची.

‘अण्णा, तिसरा रस्ता घेऊया की. रकानेबी काढू, मूळबी ठेवू,’ ती म्हणाली.

‘एक गोष्ट दोन जागी ठेवली की एक दिवस दोन्ही जागा वेगवेगळं बोलायला लागतात. मग खरं कुणाचं?’

‘मूळ फाइलीचं.’

‘पोरी, रस काढल्यावर ऊस ठेवून काय करतेस?’

‘बरं अण्णा,’ म्हणाली. फार लवकर म्हणाली. आजकालच्या पोरांना वाद घालायचाही कंटाळा.

रकाने ठरवण्यासाठी मी ढीगभर नमुना फाइली स्वतः वाचल्या. ज्या पाट्या सगळ्या फाइलींत दिसल्या, त्यांना रकाना दिला. रक्तदाता ओळखायचा मोबाइल नंबरावरून. नावं सारखी असतात, नंबर सारखा नसतो.

कामात होतो तोवर बरं वाटलं. आता घरी बसून लिहिताना मनात येतंय, कवितेचं व्याकरण चालवायचा तास मला मुळीच आवडत नसे. हे नाम, हे विशेषण, हे क्रियापद. तास संपला की फळ्यावर सगळे शब्द असायचे आणि नदी कुठंच नसायची. पण अहवाल म्हणजे काही कविता नव्हे.

६ ऑक्टोबर

परवा गगनबावड्याकडच्या एका गावात तरुण मंडळाचं मोठं शिबिर झालं. रक्तपेढीची आमची पोरं परत आली ती सांगत, काय गर्दी, काय हलगी, रक्त देणाऱ्याला स्टीलची घागर भेट. आज मी तक्ता उघडून बघितला तर त्या गावचा रक्तदाता एकच. अमरसिंह, मंडळाचा अध्यक्ष. माणसं बढाया किती मारतात! मी तेजस्वीला म्हटलं, ‘हलगी वाजली म्हणून गर्दी झाली असं नसतं.’ ती पडद्याकडं बघत राहिली. म्हणाली, ‘मी बघते अण्णा जरा.’

२३ नोव्हेंबर

डिस्क भरत चाललीय. का, ते कळत नाही. मूळ फाइली तर पुसल्या जातात. तेजस्वी सिनेमे साठवते की काय? विचारलं तर म्हणाली, ‘नवीन डिस्क मागवूया, स्वस्त झाल्यात.’ सरळ उत्तर नाही. उद्या कुणी म्हणालं, म्हाताऱ्याच्या मांडणीनंच डिस्क भरली, तर? मला रात्रीची झोप नीट लागत नाही हल्ली.

१८ डिसेंबर

आज तिच्या टेबलावरून जाताना दिसलं. सर्व्हरवर एक भलामोठा फोल्डर आहे आणि त्याचं नाव आहे ‘पिराजी’.

मला फार लागलं. माझ्या लहानपणाची एक गोष्ट मी विश्वासानं सांगितली आणि तिची ही थट्टा. उघडून बघितला नाही. बघायचा काय? काहीतरी हसायचं भरून ठेवलं असेल पोरांनी. घरी येताना रंकाळ्यावर बसलो. पाणी शांत होतं. पिराजी असता तर म्हटलं असतं, म्हण गड्या पहिल्यापासून. तो कुठं असेल, आहे की नाही, काही ठाऊक नाही.

२१ जानेवारी

घरात काहीतरी शिजतंय. मी आलो की प्रसेनजीत आणि अक्षता गप्प होतात. आज स्वयंपाकघरातून प्रसेनजीतचा आवाज आला, ‘पुण्यातबी विचारलंय. आबांना आत्ताच सांगायला नको.’ मी चप्पल वाजवली तर एकदम भाजीच्या भावावर बोलायला लागले.

म्हणजे पुण्याला जाणार. बाळ झालं की जाणार. मी इथं, ही दोन खोल्यांची जागा आणि भिंतीवरचा हार घातलेला हिचा फोटो. विचारायची हिंमत होत नाही. विचारलं आणि ‘हो’ म्हणाले तर? न विचारलेल्या गोष्टी अजून घडलेल्या नसतात.

६ फेब्रुवारी

अक्षताचा भाऊ सम्राट आला होता. त्याच्या दंडावर पट्टी. विचारलं तर म्हणाला, ‘असंच, तपासणी.’ अक्षता आतल्या खोलीत रडत होती. भाऊ-बहिणीचं भांडण झालं असावं, पुण्याच्या घरावरून असेल. मी तिला चहा करून दिला. तिनं माझा हात धरला आणि सोडेचना. ‘आबा, बाळाला नदीची कविता शिकवाल का? मी नसले तरी?’ मी म्हटलं, ‘अगं, पुण्यात कसलं शिकवतोय मी.’ ती माझ्याकडं विचित्र बघत राहिली.

१२ फेब्रुवारी



दुपारी संयोगिता मॅडमनी आत बोलावलं. समोर प्रसेनजीत बसलेला. मी म्हटलं, ‘पुण्याचं सांगायला इथं कशाला आलास? घरी सांगायचं.’

‘आबा, कसलं पुणं?’

मग मॅडम बोलल्या. हळू बोलल्या. अक्षताच्या कार्डावर ओ पॉझिटिव्ह लिहिलंय. पण ओच्या एकाही पिशवीशी तिचं रक्त जुळत नाही. वरून ओ दिसतं, आतून निराळं. बॉम्बे गट म्हणतात त्याला, फार दुर्मीळ. तिला फक्त तसल्याच माणसाचं रक्त चालतं, दुसरं चढवलं तर विष. आणि गर्भाशयातली वार खाली सरकलीय, ऑपरेशन करावं लागणार, त्यात रक्त जाणारच. तिचं स्वतःचं काढून ठेवावं तर तेवढं अंगात नाही. भावाचं जुळलं नाही. पुणे, मुंबई सगळीकडं विचारून झालं. एक पिशवी होती, ती दुसऱ्याच कुणाला गेली.

प्रसेनजीत म्हणाला, ‘तुमच्या बीपीमुळं सांगितलं न्हाई.’

मॅडम म्हणाल्या, ‘अण्णा, आपल्याकडं रक्त देऊन गेलेल्यांत असं कुणी असेल तर यंत्राला ते कळलेलं असणार. ओ पेशींशीसुद्धा गुठळी होते, मग यंत्र शंका लिहितं. तुमच्या तक्त्यांत शोधा.’

‘शंका कुठल्या पाटीत येते?’

‘अगदी शेवटच्या. दर वेळी येत नाही. शंका असली तरच ती पाटी येते.’

मी ज्या फाइली वाचल्या त्यांत ती पाटी कधी आलीच नव्हती. जी पाटी सगळ्यांत नव्हती तिला मी रकाना दिला नाही. ज्याला रकाना नाही ते तक्त्यात गेलं नाही. आणि मूळ फाइली मी पुसायला लावल्या. आमच्या पडद्यावर त्या माणसापुढं नुसतं ‘ओ’ दिसलं असणार, पिशवी कुणालातरी गेली असणार आणि तो माणूस गर्दीत मिसळून गेला असणार.

हे सगळं मी उभ्यानं मॅडमना सांगितलं. प्रसेनजीत माझ्याकडं बघत होता. रागावला असता तर बरं झालं असतं.

तेजस्वी दारात उभी होती. मला बाहेर घेऊन गेली, पाणी दिलं. ‘अण्णा, रडू नका. पिराजी हाय की.’

मला वाटलं, ही पोरगी आताही थट्टा करतेय.

‘एकबी फाइल पुसली न्हाई मी. सगळ्या पिराजीत हायत. तुम्ही ओरडशीला म्हणून बोलले न्हाई.’

१३ फेब्रुवारी

सकाळपासून पिराजी उघडून बसलोय. एकेक फाइल पहिल्या पाटीपासून वाचत शेवटापर्यंत जायचं, शेवटी शंकेची पाटी आहे का बघायचं, नसली तर पुढची. तेजस्वीनं तसा प्रोग्राम लिहिला आणि आम्ही दोघं पडद्यासमोर बसलो. ओळी सरकत होत्या. मला कानात तो आवाज येत होता, पुटपुटणारा, तिसऱ्या कडव्याकडं निघालेला. मनात म्हटलं, चढव रे आवाज. कुठंतरी चढव.

जेवणाच्या सुट्टीनंतर पडदा थांबला.

कृष्णात. गगनबावड्याकडचं ऑक्टोबरातलं शिबिर. गट ओ. शंका: ओ पेशींशी गुठळी, पुन्हा तपासा.

तेजस्वी किंचाळली. मी मोबाइल नंबर बघितला. हा नंबर मी ओळखत होतो. अमरसिंहचा. त्या शिबिरातल्या सगळ्या फाइली काढल्या. सगळ्यांचा नंबर एकच. माझ्या तक्त्यानं अख्खं गाव एका माणसात कोंबलं होतं आणि मी गावाला बढाईखोर म्हणालो होतो.

फोन लावला. मंडळाचा अध्यक्ष मोठ्यानं बोलणारा गडी.

‘रक्तपेढीतून बोलतोय.’

‘आरं तिच्या! आमची प्रमाणपत्रं कुठायत? पोरं माझ्या जिवावर उठल्यात!’

‘सगळ्यांनी तुमचाच नंबर कसा दिला?’

‘मीच सांगितलतं पावणं. नंबर दिला की कर्जवाल्यांचं फोन येत्यात. म्हटलं घाला माझा. आन् घागरीबी माझ्याकडनंच वाटायच्या हुत्या की.’

‘कृष्णात पाहिजेत.’

‘कंचा? मिल्ट्रीतला, दूध डेअरीतला का शालूबाईचा?’

‘ज्यांनी रक्त दिलं ते.’

‘मग शालूबाईचा. बचत गटाच्या शालूबाईचा नवरा. घागर डोक्यावर घिऊन नाचत गेलता घरला.’

मी कारण सांगितलं. मग अमरसिंह म्हणाला, आवाज अगदी निराळा, ‘उद्या पाठवतो. एसटी चुकली तर माझ्या गाडीनं आणतो.’

१५ फेब्रुवारी

कृष्णात काल उशिरा पोचला, आज सकाळी रक्त तपासायला दिलं. पन्नाशीचा, उंचापुरा, हातावर गोंदलेला माणूस. पण सुई बघितली आणि चेहरा भिंतीकडं फिरवला, कपाळावर घामाच्या धारा. खुर्चीतून घसरलाच. नर्स म्हणाली, ‘काका, आधी दिलंय न्हवं तुम्ही?’ तो म्हणाला, ‘तवा लई गर्दी हुती.’

दुपारी घरी जेवायला आणलं. अक्षतानं उभं राहू नये म्हणून मीच भाकरी वाढल्या. त्याचं पोट भरेना आणि नजर वर येईना. अक्षता त्याला ‘काका, तुमचे उपकार’ म्हणाली तेव्हा त्याला ठसका लागला. मला बाजूला घेऊन विचारतो, ‘अण्णा, नवराबायकूचं रगात एकच असतंय न्हवं?’

मी म्हटलं, ‘कवितेत असतं.’

‘आन् खऱ्यात?’

‘खऱ्यात ज्याचं त्याचं.’

मग थोड्या वेळानं, ‘आन् ती घागर परत मागत्यात का कधी?’

साधा माणूस. घागरीची काळजी. मला त्याचं हसू आलं, पुष्कळ दिवसांनी. रक्तपेढीच्या खोलीवर मुक्कामाला निघताना मी त्याला आमचा पत्ता लिहून दिला, म्हटलं, बाळाच्या बारशाला यायचं, जोडीनं.

१६ फेब्रुवारी

कृष्णातचं रक्त साधं ओ निघालं.

मॅडमनी दोनदा तपासलं. ‘हा तो नव्हे, अण्णा.’

मला काही समजेना. फाइलीत नाव त्याचं, शिबिर त्याचं, शंका तिथं लिहिलेली. म्हणजे पिराजीसुद्धा चुकला? पिराजी कधीच चुकला नव्हता. मॅडम म्हणाल्या, शिबिरात नळ्यांची अदलाबदल झाली असणार, त्या गर्दीतला कुणीही असू शकतो, सगळ्या गावाला पुन्हा तपासायला बोलवावं लागेल. अमरसिंह रविवारी सगळ्यांना आणतो म्हणाला. रविवार. आज अक्षताला थोडा रक्तस्राव झाला. तिला दवाखान्यात दाखल केलंय. मॅडमनी रविवारचं ऐकून नुसता चष्मा पुसला.

मी कृष्णातवर ओरडलो. कधी नाही ते ओरडलो. ‘तुमच्या नावावर दुसऱ्याचं रक्त आलं कसं? चौकशी होणार याची! पोलीस येतील!’ तो बिचारा खाली मान घालून उभा. ‘जातो मी घरला,’ म्हणाला आणि स्टँडकडं पळतच सुटला.

कशाला ओरडलो त्याच्यावर? भीतीला कुणीतरी समोर लागतं. रकाने मी आखले. पुसायचा हुकूम माझा. त्याच वेळी पडद्यावर ‘शंका’ दिसली असती तर त्या माणसाला तेव्हाच, शिबिरानंतर लगेच, बोलावून समोरासमोर पुन्हा तपासलं असतं. मी रस घेतला. काय फेकतोय ते चाखून बघितलं नाही.

अक्षताजवळ बसून तिला नदीची कविता म्हणून दाखवत होतो. दुसऱ्या कडव्यानंतर थांबलो. ती म्हणाली, ‘पहिल्यापासून म्हणा, आबा. आठवेल.’ पहिल्यापासून म्हटलं. नाही आठवलं.

१७ फेब्रुवारी

दवाखान्याच्या बाकावर बसून लिहितोय. हात दुसरं काही करायला तयार नाहीत. ओठ आपोआप हलतायत, आणि तिसरं कडवं येतंय. कुठून येतंय कोण जाणे. प्रसेनजीत मघापासून येरझारा घालतोय. आतल्या दाराकडं बघवत नाही म्हणून घडलं ते क्रमानं लिहून काढतो.

पहाटे प्रसेनजीतचा फोन आला, स्राव वाढलाय, आता थांबता येणार नाही, दुपारच्या आधी ऑपरेशनला आत घेतील. मॅडमनी पुन्हा सगळीकडं फोन लावले. मी अक्षताचे कपडे, थर्मास आणि बाळासाठी धुऊन ठेवलेली दुपटी घ्यायला घरी आलो. दुपटी पिशवीत भरताना मला कळेना की ती न्यावीत की नेऊ नयेत. रिक्षावाला खाली हॉर्न वाजवत होता. हिच्या फोटोसमोर उभा राहिलो, पण काय बोलू? मीच केलं म्हणू?

तेवढ्यात दार वाजलं. मला वाटलं, रिक्षावाला वर आला. ‘आलो रे,’ म्हणत दार उघडलं.

दारात एक बाई. चाळिशीतली, काटक, नऊवारीचा पदर कमरेला खोचलेला, पायावर धूळ. माझा पत्ता लिहिलेला तो कागद मुठीत चुरगळलेला. आणि कमरेवर स्टीलची कोरी घागर, मंडळाचं नाव कोरलेली. पहिल्या एसटीनं आली असावी. दम लागला होता तिला, पण दमानं थरथरत नव्हती. घाबरलेलं माणूस मला लांबून ओळखू येतं आता.

‘अण्णा तुम्हीच न्हवं? म्या शालूबाई. कृष्णाताची.’

मी म्हटलं, ‘बाई, मला दवाखान्यात जायचंय, आत्ता नको...’

तिनं घागर उंबऱ्याच्या आत, माझ्या पायाशी ठेवली आणि दोन्ही हात जोडले.

‘ही घ्या परत. एक येळबी पाणी भरलं न्हाई हिच्यात. पर पोलिसांस्नी सांगू नका. ह्यांला सुई बघून चक्कर येती, लगीन झाल्यापासनं बघते. बायकांच्या रांगंतल्या घागरी संपल्या हुत्या, गड्यांच्या उरल्या हुत्या. म्हणून मी ह्येंचं नाव सांगितलं आन् मांडवात झोपले. चुकलं आमचं. पर त्यांनी काय केलं न्हाई अण्णा. ते रगात माझं हुतं.’